नट असताना लिहायला कधी बसावं, आणि निर्माता कधी व्हावं?

प्रश्न कळव्याच्या एका 31 वर्षांच्या नटाचा आहे. आठ वर्षं मालिकांत काम करतोय. नायकाचा मित्र, धाकटा दीर, इन्स्पेक्टर, नायिकेने नाकारलेलं स्थळ अशा भूमिका. एका मालिकेची कथा डोक्यात तयार आहे. थोडी बचत आहे आणि मेहुणा पैसे घालायला तयार आहे. तो विचारतो, "अभिनय सोडून पूर्णवेळ लेखन करू का? आणि लिहिणारच असेन, तर निर्मितीही स्वतःच का करू नये?"

क्षेत्रातल्या रिवाजाप्रमाणे अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

लिहायला आजच बस. अभिनय सोडू नकोस. मेहुण्याचे पैसे पुढची पाच वर्षं तरी मेहुण्याकडेच राहू देत. आता हे का सांगते ते सविस्तर लिहिते, कारण या तिन्ही खुर्च्यांवर मी बसले आहे आणि तिसरीची किंमत घरच्यांनीही मोजली आहे.

मी नौपाड्यात वाढले. कॉलेजच्या एकांकिका, मग गडकरी रंगायतनला प्रायोगिकचे प्रयोग. 1999 साली अल्फा मराठी सुरू झालं, तेव्हा आमच्या पिढीला एकदम काम दिसायला लागलं. मी शेजारीण, वहिनी, नर्स, नायिकेची ऑफिसातली मैत्रीण असं सगळं केलं. 2006 पासून संवाद लिहायला लागले आणि 2013 मध्ये पहिल्यांदा निर्माती झाले. आजही लिहिते, आणि चांगली भूमिका आली तर कामही करते.

नट लिहायला बसतो तेव्हा काय घेऊन येतो, हे आधी समजून घे. बहुतेकांना वाटतं, नटाला भावना कळतात म्हणून तो चांगलं लिहील. भावना सगळ्यांनाच कळतात. नटाकडे असतो तो कान, आणि सेटवर आठ-दहा तास उभं राहिल्यामुळे आलेलं शरीराचं ज्ञान. कुठलं वाक्य एका श्वासात जात नाही, कुठल्या शब्दावर जीभ अडखळते, समोरचा दीड मिनिट बोलत असताना नुसतं उभं राहणं किती अवघड असतं, हे तुला पुस्तकाशिवाय माहीत आहे.

हे मला एका ज्येष्ठ अभिनेत्रीने शिकवलं. संवादलेखनाचं माझं पहिलंच वर्ष. घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या पुढे एका बंगल्यात सेट होता. सीन असा: मुलाची नोकरी गेली आहे, त्याने घरी सांगितलेलं नाही, आणि आईला ते बाहेरून कळलं आहे. मी आईच्या तोंडी लिहिलं होतं, "मला तुझा राग नाही आला रे, पण तू हे मला आधी सांगायला हवं होतंस. मी काय परकी आहे का?" असं पुढे सात-आठ ओळी. बाईंनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "अगं, या सीनमध्ये माझ्या हातात काय आहे?"

मला प्रश्नच कळला नाही. त्या म्हणाल्या, "सकाळचे साडेआठ लिहिलेस ना? साडेआठला कुठली आई नुसती उभी असते?"

मी मेकअप रूमच्या पायरीवर बसून सीन पुन्हा लिहिला. आई डबा भरते आहे. पोळी, भाजी, लोणच्याची छोटी डबी. मुलगा ऑफिसला निघाल्याचं नाटक करत बॅग घेतो. ती डबा त्याच्या हातात देते आणि म्हणते, "सहाच्या आत येऊ नकोस. शेजारी बघतात." बस्स. मुलगा थांबतो, आईकडे बघतो, आणि आपल्याला कळतं की तिला कळलं आहे. सात-आठ ओळींच्या जागी दोन वाक्यं उरली. त्या दिवशी सेटवर लाइटदादा सुद्धा शॉट संपल्यावर काही बोलले नाहीत.

तेव्हापासून प्रत्येक सीनच्या वर मी पेन्सिलीने लिहिते: कोणाच्या हातात काय. भाजी निवडणं, मोबाइलचं चार्जर शोधणं, इस्त्री, देवापुढची निरांजन. नट म्हणून तू हे दिग्दर्शकाकडे मागत आलास, आता कागदावरच दे. इतर लेखकांना हे शिकायला वर्षं लागतात. तुला फक्त आठवायचं आहे.

नटाच्या लेखनाचा एक आजारही असतो. त्याला प्रत्येक सीनमध्ये एक भाषण हवं असतं. आठ वर्षं ज्याला "हो दादा, गाडी काढतो" एवढंच बोलायला मिळालं, तो कागद मिळाल्यावर सगळं साठलेलं बोलून टाकतो. माझ्या पहिल्या पन्नास एपिसोडमध्ये हे भरपूर होतं. दुसरी खूण म्हणजे जी भूमिका आपल्याला करायला आवडेल तिच्याकडे पान झुकतं. म्हणून माझा एक कडक नियम आहे: ज्या मालिकेत काम करतोस तिथे लिहायचं नाही, आणि लिहितोस तिथे काम करायचं नाही. दोन्ही उत्तम निभावणारे आहेत, पण सुरुवातीच्या माणसाने हे टाळावं. सहकलाकार तुझ्याशी मोकळेपणाने बोलणं बंद करतात. त्यांना वाटतं, आपला ट्रॅक, म्हणजे आपल्या पात्राची पुढची गोष्ट, याच्या हातात आहे.

आता काम कसं चालतं ते. तू सेटवरून बघितलं आहेस, पण लेखकांची खोली सेटवर नसते. डेली सोपमध्ये लेखनाचे तीन भाग असतात: कथा, पटकथा, संवाद. कथालेखक पुढच्या दोन-तीन महिन्यांचा प्रवास ठरवतो. पटकथालेखक त्यातून आठवड्याचे एपिसोड काढतो: कुठल्या एपिसोडला काय घडतं, सीन किती, शेवटचा हुक, म्हणजे उद्या परत बघायला लावणारा क्षण, काय. संवादलेखक ते बोलतं करतो. आठवड्याला सहा म्हणजे वर्षाला तीनशेच्या वर एपिसोड. एकेक साधारण 22 मिनिटांचा, सहा-सात सीनचा. वर वाहिनीचा ईपी (एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर) असतो, प्रॉडक्शनचा क्रिएटिव्ह, म्हणजे कथेवर लक्ष ठेवणारा माणूस, असतो आणि दर गुरुवारी येणारे टीआरपीचे आकडे असतात. सोमवारी पास झालेला ट्रॅक गुरुवारी दुपारी बदलतो आणि शुक्रवारचं शूट तर लागलेलं असतं. तू सेटवर कॉस्च्यूम घालून बसून "सीन अजून आला नाही" म्हणून ज्याला नावं ठेवत होतास, तो माणूस आता तू असणार आहेस. हे सोसवणार असेल तरच ये.

नटाला आत शिरायची सगळ्यात सोपी वाट संवादाची, कारण तुझा कान तिथे लगेच दिसतो. पण तिथेच थांबू नकोस. संवादलेखक रोजच्या रोज भरडला जातो आणि मालिका कुठे चालली आहे यावर त्याचा हात नसतो. वर्ष-दीड वर्ष संवाद केलेस की एखाद्या पटकथालेखकाबरोबर बस, कमी पैशात का होईना. माझं खरं शिक्षण तिथे झालं. पांढऱ्या फळ्यावर सहा एपिसोडची चौकट आखून आम्ही तासन्‌तास बसायचो. त्या खोलीत संवादाचं कौतुक कोणी करत नाही. "मग काय झालं?" आणि "आत्ताच का झालं?" हे दोनच प्रश्न असतात.

इथे ठाण्याचा एक फायदा सांगते. घोडबंदर रोडच्या गायमुखपर्यंतच्या पट्ट्यात सेट आहेत, गडकरी आणि घाणेकर ही दोन नाट्यगृहं गावातच आहेत आणि वाशीला भावे. आपले निम्मे कलाकार नाटकातही असतात. लेखकाला त्यांच्या प्रयोगांच्या तारखा पाठ हव्यात. शनिवारी गडकरीला साडेआठचा प्रयोग असेल तर कासारवडवलीच्या सेटवरून त्या नटाला पाचला सोडावंच लागतं, कारण पुढे कापूरबावडीला ट्रॅफिक किती लागेल याची खात्री कोणी देत नाही. मग त्या आठवड्यात त्याचं पात्र नाशिकला लग्नाला जातं, किंवा त्याचे सीन फोनवर होतात. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. पत्र्याच्या शेडमध्ये सेट असेल तर जोराच्या सरीत आवाज घेता येत नाही, शूट थांबतं. जुलैच्या एपिसोडमध्ये मी एक-दोन सीन बिनसंवादाचे ठेवते, म्हणजे पाऊस कोसळत असतानाही युनिट रिकामं बसत नाही. नट म्हणून तू त्या शेडखाली बसला आहेस, म्हणून हे तुला सुचेल. अंधेरीतल्या ऑफिसात बसलेल्याला सुचणार नाही.

करारांबद्दल थोडक्यात, पण लक्ष देऊन वाच. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या शब्दांत मांडली त्यावर असतो. म्हणून तोंडी गोष्ट सांगत फिरू नकोस. पंधरा-वीस पानं लिही, स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व घे आणि तिथे नोंदणी कर. ती आता ऑनलाइन होते. नोंदणीने मालकी सिद्ध होत नाही, पण अमुक तारखेला हे तुझ्याकडे होतं याचा पुरावा राहतो. मग ईमेलनेच पाठव. हक्क लिहून देताना मुदत आणि प्रदेश करारात स्पष्ट लिहिलेला असू दे. कायद्याने मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. समोरचे अर्थातच "कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात" असं लिहून आणतात. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीने लेखकाला रॉयल्टीचा हक्क सोडून देता येणार नाही अशी तरतूद आली. मालिकांच्या करारात ती कशी लागू होते ते सही करण्याआधी वकिलाला विचार. वकिलाची फी ही लेखनाच्या खर्चातच धरायची असते. आणि नामावलीत नाव कसं, कुठे येणार हे लेखी घे. माझं नाव एका मालिकेच्या पहिल्या चाळीस एपिसोडला आलं नव्हतं. तोंडी आश्वासन होतं, म्हणून मला काही करता आलं नाही.

आता निर्मिती.

तुझ्या मनात जे चित्र आहे ते बहुधा जुन्या पिढीचं आहे. स्मिता तळवलकर दूरदर्शनवर बातम्या द्यायच्या, तिथून अभिनयात आल्या, मग निर्मिती-दिग्दर्शनात गेल्या आणि चित्रपट व मालिका दोन्ही केल्या. दिलीप प्रभावळकरांनी वर्तमानपत्रातलं सदर लिहिलं, त्यातून एका कुटुंबाच्या डायरीची मालिका झाली आणि त्यात त्यांनीच आजोबा केले. हे बघून आम्हाला वाटलं, लिहा, करा, उभं करा. पण तेव्हाची गणितं वेगळी होती. दूरदर्शनच्या प्रायोजित पद्धतीत निर्माता प्रक्षेपणाचं शुल्क भरायचा, त्याला जाहिरातींची सेकंदं मिळायची आणि ती विकून तो कमवायचा. जोखीम त्याची, पण मालिका बरेचदा त्याचीच राहायची. आठवड्याला एक एपिसोड, तेरा भागांची मंजुरी. लिहायला आणि पैसे गोळा करायला उसंत होती.

खासगी वाहिन्यांवर आज साधारणपणे कमिशन्ड पद्धत आहे. वाहिनी एपिसोडमागे ठरलेली रक्कम देते आणि हक्क वाहिनीचे. त्या रकमेत बसवून जे उरेल ते निर्मात्याचं. म्हणजे तुझ्या डोक्यातली जी कथा तुला जिवापाड प्रिय आहे, तिचा निर्माता झालास तरी ती तुझी राहीलच असं नाही. हे मला निर्माती झाल्यावर, तिसऱ्या महिन्यात, खरं उमगलं.

पैशांचं एक गणित मांडते. आकडे सोयीसाठी घेतले आहेत, तू तुझे घाल. समज, एपिसोडचा खर्च 1 लाख 50 हजार. महिन्याला 26 एपिसोड, म्हणजे 39 लाख. प्रक्षेपणाआधी 12 एपिसोडची बँक, म्हणजे शूट करून ठेवलेला साठा, हवी, ते 18 लाख. सेट उभा करायला 30 लाख धर. वाहिनी महिनाअखेरीच्या बिलाचे पैसे 60 दिवसांनी देणार. म्हणजे पहिला रुपया येईपर्यंत प्रक्षेपण सुरू होऊन तीन महिने झालेले असतात, आणि तोवर 39 लाखांचे तीन महिने, वर 18, वर 30, असे 1 कोटी 65 लाख तुझ्या खिशातून गेलेले असतात. नफा त्याच्यानंतर.

यात जीएसटी धरलेला नाही. 39 लाखांच्या बिलावर 18 टक्के म्हणजे 7 लाख 2 हजार. वाहिनीने पैसे दिले नसले तरी तो पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला भरायचा असतो. कॅमेरा-लाइट भाड्याने देणाऱ्यांच्या बिलावरचा जीएसटी त्यातून वजा होतो. पण ज्या कलाकार-तंत्रज्ञांची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत आहे, त्यांची सहसा नोंदणीच नसते, त्यामुळे त्यांच्या मानधनावर वजा करायला काही मिळत नाही. आणि मालिकेचा मोठा खर्च तर माणसांवरच असतो.

मग छोटे निर्माते तगतात कसे? ते कलाकारांना 90 दिवसांनी पैसे देतात. तू आठ वर्षं ज्या 90 दिवसांवर चिडलास, ते दिवस म्हणजे तू निर्मात्याला दिलेलं बिनव्याजी कर्ज होतं. निर्माता झाल्यावर तुला ते कर्ज दुसऱ्या तुझ्यासारख्याकडून घ्यावं लागेल. माझ्याकडे काम करणाऱ्या एका मुलीने दिवा इथलं भाड्याचं घर सोडून गावी जायची तयारी केली होती, आणि तिचे तीन महिन्यांचे पैसे माझ्याकडे अडकले होते. मी गळ्यातलं गहाण ठेवून ते दिले. तेव्हा मी ठरवलं की रोजंदारीवरच्या स्पॉटदादा-लाइटदादांचे पैसे रोज आणि छोट्या भूमिका करणाऱ्यांचे 30 दिवसांत, एवढं भांडवल हाताशी असल्याशिवाय पुन्हा मालिका घ्यायची नाही. यामुळे मी दोन मालिका नाकारल्या आहेत.

पहिली मालिका कशी संपली तेही सांगते. 140 च्या आसपास एपिसोड झाले होते. वेळ बदलली, मग आकडे खाली गेले, आणि वाहिनीने आम्हाला दहा दिवसांची सूचना दिली. करारात सूचनेच्या मुदतीचं कलम होतं, पण मी ते वाचताना पैशांच्या रकमेकडेच बघत होते. सेटचा खर्च 300 एपिसोडमध्ये विभागून धरला होता, तो निम्म्यावरच अंगावर आला. कर्ज फेडायला चार वर्षं गेली, आणि ते फिटलं लेखनावर. रोज एक एपिसोड, दुसऱ्यांच्या मालिकांचा. म्हणून लेखनाचा हात आधी बसवायला सांगते आहे.

असं असूनही आपल्यातले नट निर्माते झाले आहेत आणि त्यांनी फार चांगलं काम उभं केलं आहे. श्वेता शिंदे यांनी 2017 मध्ये साताऱ्याकडची, सैन्यात जाणाऱ्या मुलाची गोष्ट तिथल्याच बोलीत, तिथल्याच गावांमध्ये उभी केली. मुंबईचा सेट सोडून तिकडे जाण्याचा तो निर्णय अभिनेत्रीच्या कानाने घेतलेला आहे असं मला वाटतं. बोली खोटी वाटली असती तर ती मालिका उभीच राहिली नसती. कलाकार निर्मात्याच्या खुर्चीत का असावा, याचं उत्तर मला अशा ठिकाणी दिसतं. पण या वाटेवर व्यवहार सांभाळणारा भागीदार लागतो. तुझ्या मेहुण्याने टेलिव्हिजनचा हिशेब कधी बघितला आहे का? नसेल, तर त्याचे पैसे आणि तुमचं नातं दोन्ही धोक्यात येईल. बहिणीचा संसार त्यात आहे.

निर्मितीची ओढ असेलच तर आधी पगारी नोकरीसारखं शिक. एखाद्या निर्मितीसंस्थेत क्रिएटिव्ह म्हणून वर्षभर काम कर. दिवसाचं बजेट, शिफ्टचे तास, ओव्हरटाइम, लोकेशन बदलल्यावर जेवणाचा आणि गाड्यांचा वाढणारा खर्च, सगळं कागदावर येतं. रात्रीचा एक सीन सकाळच्या घरात आणला तर किती पैसे वाचतात, हे कळलेला लेखक निर्मात्यांना हवा असतो, आणि पुढे तोच भागीदार म्हणून घेतला जातो. हातात स्वतःची एखादी छोटी गोष्ट ठेव: पंधरा मिनिटांचा लघुपट, दोन नट, एक खोली, एक दिवस. त्याचा पै-पैचा हिशेब लिही.

आणि तुझी ती तयार असलेली कथा आत्ता कोणालाही देऊ नकोस. ती पहिली कथा आहे, तिच्यावर तुझा फार जीव आहे, आणि वाहिनीची पहिली बैठक तिचं पार रूप बदलेल. तिची पंधरा पानं लिहून नोंदणी करून ठेव. आधी दुसऱ्यांच्या गोष्टींवर हात बसू दे.

या महिन्यात एवढंच कर. सध्या चालू असलेली एखादी मालिका घे, तू ज्यात काम करत नाहीस अशी. तीन आठवडे रोज बघ आणि मग तिचे पुढचे तीन एपिसोड स्वतःच्या मनाने लिही, संवादांसह. तुझ्यासारख्याच दोन नटांना घरी बोलाव, घड्याळ लाव आणि मोठ्याने वाचून घे. जिथे ते अडखळतील तिथे खूण कर, त्यांना काही समजावू नकोस. 22 मिनिटांच्या वर गेलं तर आधी भाषणं काप. मग त्या तीनपैकी सगळ्यात बरा एपिसोड घेऊन तुझ्या ओळखीच्या पटकथालेखकाला फोन कर. सेटवर त्याच्याशी तुझं बोलणं होतच असेल. गुरुवारी मात्र करू नकोस, त्या दिवशी आकडे आलेले असतात.